पिचरच्या हाताचा हिशोब

दारव्हा-दिग्रसच्या पट्ट्यात पोरं बेसबॉल खेळतात हे पुण्या-मुंबईच्या ओळखीच्यांना सांगितलं की ते पुन्हा एकदा विचारतात, "बेसबॉल?" हो, बेसबॉल. विदर्भाच्या खेड्यापाड्यांत हा खेळ आणि सॉफ्टबॉल शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांनी नेला. त्यातले कितीतरी जण अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकलेले. १९१४ पासून चाललेल्या त्या संस्थेतून बाहेर पडलेला शिक्षक गावात गेला की एखादा नवा खेळ सोबत नेतोच. आमच्या तालुक्यातल्या शाळेतही असाच आला. मैदान मुरमाचं, बेस म्हणून माती भरलेली पोती, आणि ग्लोव्ह्ज इतके कमी की फील्डिंगला उतरणारा संघ बाहेर येणाऱ्यांच्या हातातून ते घेत घेत मैदानात जातो.

मी फिजिओथेरपिस्ट. शिक्षण संपवून तालुक्याला परत आले, छोटं क्लिनिक टाकलं. रोजचे पेशंट म्हणजे गुडघे धरून बसलेल्या आज्या, कंबर आखडलेले शेतकरी आणि अर्धांगवायूनंतर पुन्हा चालायला शिकणारे काका. एकदा शाळेचे सर आले आणि म्हणाले, "मॅडम, स्पर्धेच्या वेळी पोरांजवळ कोणी असाव लागते. पाय मुरगळला का आम्ही बर्फ शोधत फिरतो." मी हो म्हटलं. अमेरिकेत या कामाला अ‍ॅथलेटिक ट्रेनर म्हणतात. तिथे तो आरोग्यसेवेतला रीतसर व्यवसाय आहे. त्यांची राष्ट्रीय संघटना १९५० ची, आणि व्यावसायिक बेसबॉलमधल्या ट्रेनरांची स्वतःची संघटना १९८३ ची. आपल्याकडे तशी वेगळी वाट नाही, म्हणून फिजिओ म्हणून जे शिकले होते त्यावर एकेक गोष्ट जोडत गेले.

पहिली गोष्ट म्हणजे फेकणारा हात समजून घेणं. बेसबॉलचा चेंडू दीडशे ग्रॅमच्या आतबाहेर, पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, उभा असतो तिथपासून होम प्लेटपर्यंतचं, म्हणजे फलंदाजाजवळच्या पाटीपर्यंतचं, अंतर १८.४४ मीटर. ऐकायला यात अवघड काही नाही. पण पूर्ण जोराने पिच (पिचरची एक फेक) टाकताना दंडाचं हाड खांद्यात आतल्या बाजूला ज्या वेगाने फिरतं तो वेग मोठ्या पिचरमध्ये सेकंदाला सुमारे ७,००० अंश मोजला गेला आहे. त्याच फेकीत कोपराची आतली बाजू उघडू पाहते, आणि तिला एक बारीक लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारा पट्टा, धरून ठेवतं. प्रौढ पिचरचं हेच लिगामेंट तुटतं. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरचं ते लिगामेंट त्याच्याच दुसऱ्या हातातलं टेंडन (स्नायू हाडाला जोडणारा दोर) काढून नव्याने बांधलं. १९७६ मध्ये तो पुन्हा मैदानात उतरला आणि त्यानंतर त्याने १६४ सामने जिंकले. पण आमची पोरं पंधरा-सोळाची. या वयात लिगामेंटच्या आधी दुखावते ती हाडाची ग्रोथ प्लेट, म्हणजे हाड जिथून वाढतं तो मऊ थर, कोपराच्या आतल्या उंचवट्याखालचा. तिथे दुखायला लागलं आणि पोरगा टाकतच राहिला, तर हाडाचा तुकडा जागेवरून सरकू शकतो.

म्हणून हंगाम सुरू व्हायच्या आधी प्रत्येकाचे दोन्ही खांदे गोनिओमीटरने, म्हणजे सांध्याचा कोन मोजायच्या साधनाने, मोजायला लागले. फेकणारा खांदा बाहेरच्या बाजूला जास्त फिरतो आणि आत कमी. ते साहजिक आहे. दोन्ही मिळून एकूण फिरणं दुसऱ्या हाताएवढं असलं तर चिंता नसते. एकूणच कमी भरलं तर खांद्याच्या मागची बाजू आखडली असं समजायचं आणि ताणाचे व्यायाम द्यायचे. वर्गात बाकावर झोपवून मी मोजत होते आणि पोरं खिडकीतून बघत होती. रबरी पट्ट्यांऐवजी सायकलच्या जुन्या ट्यूबा कापून घेतल्या. चांगल्या चालतात.

मग पिचची मोजणी. अमेरिकेत २०१४ पासून मुलांसाठी पिच स्मार्ट नावाची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने एका दिवसात जास्तीत जास्त ९५ पिच टाकाव्यात. ३० पर्यंत टाकल्या तर दुसऱ्या दिवशी टाकायला हरकत नाही. ३१ ते ४५ झाल्या तर एक दिवस सुट्टी, ४६ ते ६० ला दोन, ६१ ते ७५ ला तीन, आणि ७६ च्या वर गेल्या की चार. हे वहीत पहिल्या पानावर लिहून काढलं. मोजायला बायका नामजपाला बोटात घालतात ते छोटं मोजणीचं यंत्र आणलं, यात्रेत मिळतं ते. राखीव खेळाडूंपैकी एक जण ते बोटात घालून बसायचा आणि प्रत्येक पिचला दाबायचा. ज्याला खेळायला मिळत नाही तो पोरगा या कामात इतका जबाबदार होतो की पंचांशीसुद्धा आकड्यावरून वाद घालतो.

तरीही आमच्या मुख्य पिचरचं कोपर दुखायला लागलं. वही बघितली, आकडे मर्यादेच्या कितीतरी खाली. तो मला एकटीला गाठून म्हणाला, "मॅडम, दुखते थोडं, पण सरले सांगू नका. जिल्ह्याची मॅच झाली का पाहू." त्याचं म्हणणं मला कळत होतं. शालेय स्पर्धेत पुढे गेलं की दहावीला वाढीव गुण मिळतात. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, आणि त्यासाठी प्रमाणपत्र लागतं. दोन-चार एकर कोरडवाहू असलेल्या घरातल्या पोराने या गोष्टीकडे नुसता छंद म्हणून बघावं अशी अपेक्षाच करता येत नाही.

संध्याकाळी त्याच्या घरी गेले. वडील वावरातून नुकतेच आले होते. बोलता बोलता कळलं की कपाशीवर अळी पडली म्हणून आठवडाभर फवारणी चालू होती, आणि पाठीवरचा सोळा लिटरचा पंप पोरानेच मारला. "मजूर भेटत नाही जी," वडील म्हणाले, "मंग कोन मारन?" त्यावर, रात्री हा आणि चुलतभाऊ आळीपाळीने जागलीला जात होते, कारण रोही (नीलगाय) आणि रानडुकरं शेत ठेवत नाहीत. म्हणजे खांद्यावर दिवसभर पट्ट्यांचा काच, नळी धरून हलवत राहिलेला तोच उजवा हात, आणि हाडामासाची झीज भरून निघायला लागते ती झोपही अर्धीच. अमेरिकेचा तक्ता यातलं काहीच मोजत नाही, कारण तो ज्या मुलांसाठी बनला त्यांच्या घरी फवारणीचा पंप नसतो.

त्या दिवसापासून वहीत नवे रकाने आले: पंप, वेचणी, जागल, किती तास झोपला. ज्या आठवड्यात पंप मारला त्या आठवड्यात पिचची मर्यादा निम्मी. हा निम्म्याचा आकडा कुठल्या पुस्तकातला नाही, माझ्या अंदाजाचा आहे, आणि तो पोरांच्या बाजूने कडक ठेवला आहे. फवारणीबद्दल आणखी एक प्रश्न मी आता न चुकता विचारते. २०१७ मध्ये आमच्या यवतमाळ जिल्ह्यात विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर गेले, ते इथे कोणी विसरलेलं नाही. फवारणी करून आलेल्या पोराला मळमळ, डोळ्यांसमोर अंधारी, जास्तीचा घाम किंवा लाळ असलं काही असेल तर सराव बंद आणि थेट दवाखाना.

पिचरला जिल्ह्याच्या ठिकाणी अस्थिरोगतज्ज्ञांकडे नेलं. दोन्ही कोपरांचे एक्स-रे काढले, कारण दुखरं कोपर निरोगी कोपराशेजारी ठेवूनच नीट कळतं. ग्रोथ प्लेट थोडी रुंदावली होती, तुकडा सरकला नव्हता. सहा आठवडे फेक बंद. सर हादरले. "तुमचं बरोबर हाय मॅडम, पण मग टाकन कोण?" त्यांचा तो प्रश्न रास्त होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या पोराने टाकलं, संघ जिल्ह्यात हरला. काही दिवस शाळेत मला कुणी फार बोललं नाही. पण वडिलांनी मात्र भाड्याने माणूस लावून पंप मारून घेतला, तेव्हा मला कळलं की घरात त्यांनी आपसांत बोलून निर्णय घेतला होता.

फेक परत सुरू करणं हे थांबवण्यापेक्षा जास्त चिकाटीचं काम निघालं. आधी ४५ फुटांवरून, हलक्या हाताने, एक दिवसाआड. दुखलं नाही तर ६० फूट, मग ९०, मग १२०. माउंडवरून, म्हणजे पिचर उभा राहतो त्या उंचवट्यावरून, पिच सगळ्यात शेवटी. मैदानाच्या कडेने आम्ही चुन्याने खुणा केल्या. पोरगा रोज म्हणायचा, "आज पुढच्या खुणेवरून टाकू?" आणि रोज त्याला थांबवावं लागायचं. पुढच्या हंगामात तो टाकत होता, आणि दुखतंय का हे आता तो स्वतःहून सांगतो. माझ्यासाठी ती सगळ्यात मोठी कमाई आहे.

आता ज्या गोष्टीने माझी झोप उडवली ती सांगते. अमेरिकेत २००६ मध्ये राइस विद्यापीठाचा डेल लॉइड नावाचा तरुण फुटबॉलपटू धावण्याच्या सरावात कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. तो सिकलसेलचा, म्हणजे लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होणाऱ्या आनुवंशिक आजाराचा, वाहक होता. वाहक, म्हणजे आजारी नव्हे, एरवी धडधाकट. पण लागोपाठच्या जिवापाड पळण्याने वाहकाच्याही लाल पेशी वाकड्या होऊन रक्तवाहिन्यांत अडकू शकतात. २०१० पासून तिथल्या पहिल्या श्रेणीच्या विद्यापीठांत खेळाडूंची सिकलसेलची स्थिती माहीत करून घेणं बंधनकारक झालं. हे वाचताना माझ्यासमोर आमचा संघ उभा राहिला. विदर्भात सिकलसेल घराघरात आहे, गडचिरोली-मेळघाटपासून आमच्यापर्यंत, आदिवासी आणि दलित वस्त्यांत जास्त. आणि आम्ही बेस रनिंगच्या सरावात पोरांना दमेपर्यंत पळवत होतो.

प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले. सिकलसेलची पहिली चाचणी, सोल्युबिलिटी टेस्ट, तिथे होते, बोटातून थोडं रक्त घेऊन. त्यात दोष दिसला तर इलेक्ट्रोफोरेसिस या पुढच्या रक्ततपासणीने वाहक की ग्रस्त ते पक्कं होतं. २०२३ पासून केंद्राची सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू असल्याने किट मिळायला अडचण आली नाही. अडचण घरांमध्ये होती. मुलींच्या सॉफ्टबॉल संघातल्या एका मुलीची आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "टेस्ट करा मॅडम, पण कागद गावात फिरू देऊ नका. उद्या पोरीचं लगन करा लागते." त्या माउलीची भीती खोटी नाही. म्हणून निकाल फक्त घरच्यांना आणि मला माहीत, सरांना त्या मुलीबद्दल सरावाच्या सूचना तेवढ्या दिल्या. पुढे सूचना सगळ्याच संघाला सारख्या केल्या, म्हणजे कोण वेगळं हे ओळखूच येत नाही: पळण्याचा भार हळूहळू वाढवायचा, दोन स्प्रिंटच्या मध्ये श्वास पूर्ण बसू द्यायचा, वेळ लावून सलग पळवायचं नाही, पाणी मागितलं की लगेच. संघातून कुणालाही काढलं नाही. वाहक असणं हे खेळायला नको म्हणण्याचं कारण होत नाही.

फरक ओळखायला मात्र सगळ्यांना शिकवलं. गोळा आला तर स्नायू दगडासारखा कडक होतो आणि पोरगं कळवळतं. सिकलिंगमध्ये, म्हणजे लाल पेशी वाकड्या होऊन अडकल्या की, पाय लुळे पडतात, स्नायू हाताला मऊच लागतो, पोरगं बोलत असतं पण उभं राहू शकत नाही. अशा वेळी "नाटक करू नको, ऊठ" म्हणणं जिवावर बेतू शकतं. थांबवायचं, ऑक्सिजन, आणि लगेच मोठा दवाखाना.

उन्हाळी शिबिराचं थोडक्यात सांगते. आमच्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो. सराव पहाटे, आठच्या आत बंद. उष्माघातात शरीराचं तापमान ४० अंशांच्या वर गेलेलं असतं आणि पोरगं असंबद्ध बोलायला लागतं. तेव्हा आधी जागेवर थंड करायचं आणि मग गाडीत घालायचं, हा क्रम महत्त्वाचा. टब कुठून आणणार? शेतातली ताडपत्री घ्यायची, चार-सहा जणांनी कडा उचलून तिची झोळी करायची, पोराला आत ठेवून ड्रममधलं पाणी आणि बर्फ ओतून हलवत राहायचं. हा उपाय वैद्यकीय साहित्यात अभ्यासलेला आहे, आणि ताडपत्री इथे प्रत्येक घरी असते. आम्ही एका राखीव पोराला झोळीत घालून तालीम केली. बर्फगोळेवाल्याशी बोलून ठेवलं आहे, शिबिराच्या दिवसांत तो एक लादी राखून ठेवतो.

सध्या माझं काम चाललंय ते निवड चाचणीच्या आधीच सगळ्या तपासण्या उरकण्याचं. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात आणि पाठोपाठ स्पर्धांची वेळापत्रकं येतात, त्यामुळे मधे वेळच उरत नाही. या वर्षी आशाताईंनी मुलांच्या याद्या मेमध्येच घेतल्या आहेत. शेजारच्या तालुक्यातल्या एका सरांनी वहीचे रकाने मागवले. त्यांच्याकडे संत्र्याचे बगीचे आहेत, तेव्हा "जागल"च्या शेजारी त्यांनी "क्रेट उचलणं" असा आणखी एक रकाना घातला, आणि मुली पाणी भरतात तेही लिहायचं का असं विचारलं. लिहा म्हटलं. किती हंडे, किती लांबून, तेही लिहा.