'इज'खालच्या तीन रेघा

चौथीपर्यंत मराठीतून शिकलो आणि पाचवीत इंग्रजी माध्यमात आलो, तेव्हा कॅपिटल-स्मॉल हा प्रकारच नवा होता. आपला 'क' मथळ्यात असो की मजकुरात, तेवढाच.

१९८१ साली मी आठवीत होतो. अक्षर बरं म्हणून चतुर्थीच्या भित्तिपत्रकाचे मथळे सरांनी माझ्याकडे दिले. 'द माटोळी इन अवर हाउस' (माटोळी म्हणजे गणपतीवर टांगतात ती फळाफुलांची चौकट) लिहिताना मी सगळ्याच शब्दांना कॅपिटल दिलं. सरांनी 'इन'वर बोट ठेवलं. "हा लहान कर." पुढचा मथळा होता 'माय आजी इज अ गुड कुक'. आता मी 'इज'ही लहान केला. दोनच तर अक्षरं! तेव्हा मात्र सर बाकावर माझ्याशेजारी येऊन बसले. "अक्षरं मोजू नको रे. शब्द काम काय करतो, ते बघ."

'इज' क्रियापद, म्हणून मोठा. 'अ', 'द', 'अँड', 'ऑर', 'ऑफ' लहान. पण मथळ्याचा पहिला आणि शेवटचा शब्द कोणताही असला तरी मोठाच.

मग त्यांनी फळ्यावर दोन मथळे लिहिले: 'वॉकिंग अप द हिल' आणि 'पिकिंग अप कॅश्यूज'. उन्हाळ्यात आम्ही काजूचे बोंडू वेचायला डोंगरावर जायचो, ते त्यांना ठाऊक होतं. पहिल्यातला 'अप' डोंगराशी बांधलेला, तो लहान. दुसऱ्यातला 'पिकिंग'चा जोडीदार, तो मोठा. मला उमजेना. तेव्हा सर म्हणाले, "'डोंगरावर' कसं लिहितोस? आणि 'वर बघ' कसं?" एक 'वर' नामाला चिकटतो, दुसरा सुटा उभा राहतो! पार्ट्स ऑफ स्पीच मला तोवर पाठ होते. कळले त्या दुपारी, आणि तेही मराठीतून.

पुढे पणजीत माझी सगळी नोकरी इंग्रजी मजकुराची प्रूफं तपासण्यातच झाली. तिथे कळलं की मथळ्यांचे नियम छापणाऱ्या घराघराचे वेगळे. असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेच्या पद्धतीत चार किंवा जास्त अक्षरांचे शब्द मोठे, त्यामुळे 'विथ' आणि 'फ्रॉम'ही मोठे. 'शिकागो मॅन्युअल ऑफ स्टाइल' या लेखन-नियमांच्या पुस्तकात 'बिट्वीन'सारखा लांब शब्दही लहानच असायचा. २०२४च्या अठराव्या आवृत्तीपासून पाच किंवा जास्त अक्षरांची अशी अव्ययं मोठी झाली. मला जुनी रीतच पटते. तिथे शब्दाची लांबी नव्हे, काम बघत. पण हाती आलेल्या मजकुराला ज्या घरची रीत, ती शेवटपर्यंत पाळायची, हे मी कधी मोडलं नाही.

शाळेच्या या स्मरणिकेच्या इंग्रजी विभागाची प्रूफं गेल्या महिन्यात माझ्याकडे आली. नववीतल्या एका मुलीच्या लेखाच्या मथळ्यात 'इज'चा आय लहान पडला होता. मी पेन्सिल घेतली आणि त्याच्याखाली, कॅपिटल करा म्हणून, तीन रेघा ओढल्या.