आईची लेडीज सायकल : फ्रेमच्या मापाच्या नोंदी

२ जून

आईसाठी नवी करून घेतलेली जुनी २२ इंची फ्रेम काल परत भिंतीला टांगली. रंग सुरेख बसलाय, काळ्यावर सोनेरी रेघा ओढून घेतल्या होत्या, हेडच्या (हँडल ज्या नळीत फिरतं तिच्या) वाट्या नवीन, चाकांच्या तारा ताणून झालेल्या. आणि आईला ती चालवता येत नाही. सीट पार नळीला टेकेपर्यंत खाली दाबली तरी पायडल खाली गेलं की तिच्या चपलेचं टोक जेमतेम लागतं. ती सीटवर डावी-उजवीकडे घसरत राहते. दोन फेऱ्यांत तिने सायकल माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "छान झालीये गं, पण माझी नाही ही."

दोन महिने मी गंज खरवडला आणि माप मात्र एकदाही घेतलं नाही. त्यामागचं कारण नीट लिहून ठेवते, कारण जुन्या सायकली नव्या करणाऱ्या आपल्यातल्या बऱ्याच जणांकडून ही चूक होते. दांड्याच्या सायकलवर माप आपोआप कळतं. दोन पाय दोन्ही बाजूंना टाकून उभं राहिलं आणि दांडा टोचला की मोठी, चार बोटं जागा राहिली की बरोबर. लेडीज सायकलला मध्ये दांडाच नाही. १६ इंची असो की २४ इंची, उभं राहिल्यावर प्रत्येक फ्रेम आपल्याच मापाची वाटते. जुन्या बाजारात ही फ्रेम दिसली तेव्हा आई सोबत होती, तिच्यात उभी राहिली, हँडल धरलं आणि हसली. मला तेवढं पुरलं.

५ जून

आधी माणसाचं माप, मग सायकलचं. आई ६७ वर्षांची, उंची १५१ सेंटिमीटर. डावा गुडघा जिना उतरताना दुखतो. कॉलेजला असताना ती पुण्यात रोज सायकलने जायची. त्याआधी आजोबांच्या दांड्याच्या सायकलवर दांड्याखालून पाय घालून हाफ पायडल शिकली होती. म्हणजे तोल अंगात मुरलेला आहे, तो शिकवायचा नाही. टांग मारणं मात्र आता जमणार नाही.

पायाच्या आतल्या बाजूचं माप असं घेतलं : भिंतीला पाठ, पाय अनवाणी, दोन पावलांत एक वीत अंतर. जाड पुठ्ठ्याचं पुस्तक पायांमध्ये धरून सीटवर बसल्यासारखं वर दाबायचं, पुस्तकाची कड भिंतीला काटकोनात ठेवायची आणि पेन्सिलने खूण करायची. तीनदा घेतलं. ६९, ६८.५, ६९ सेंटिमीटर. पहिल्या वेळी पुस्तक तिरकं झालं तर सहज दीड-दोन सेंटिमीटर चुकतं, म्हणून एकदा घेऊन थांबू नका.

आता हिशेब. सीटच्या उंचीसाठी दोन जुनी गणितं सगळीकडे फिरतात. एक अमेरिकन सायकलपटू ग्रेग लेमाँडच्या नावाने ओळखलं जातं, मूळ त्याचे प्रशिक्षक सिरिल गिमार यांच्याकडचं : आतलं माप गुणिले ०.८८३, म्हणजे बीबीच्या (दोन्ही पायडलं ज्याभोवती फिरतात त्या आसाच्या) मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचं अंतर. आईसाठी ६०.९. दुसरं हॅम्ली आणि थॉमस यांच्या १९६७ च्या प्रयोगातलं : पायडल सर्वांत खाली असताना पायडलपासून सीटच्या माथ्यापर्यंत आतल्या मापाच्या १०९ टक्के. आईसाठी ७५.२. त्यातून आपल्याकडच्या नेहमीच्या साडेसहा इंची क्रँकचे (बीबीपासून पायडलपर्यंतच्या दांडीचे) १६.५ वजा केले की ५८.७.

दोन्हींत सव्वादोन सेंटिमीटरचा फरक! मी आधी माझी वजाबाकी चुकली असं धरून चालले होते. चूक नाही. लेमाँडचं गणित क्रँकची लांबी विचारातच घेत नाही. उंच माणसाला त्याने फारसं बिघडत नाही, दोन्ही उत्तरं जवळजवळ येतात. पण आखूड पायांना साडेसहा इंची क्रँक मुळातच लांब पडतो, आणि ते गणित सीट उगाच वर नेऊन ठेवतं. दीडशे सेंटिमीटरच्या आसपास उंची असलेल्या बायकांसाठी १०९ चं गणितच धरा, आणि तेही वरची हद्द म्हणून. हे प्रयोग जोरात पायडल मारणाऱ्यांवर झालेत. भाजी आणायला निघालेल्या बाईची सीट दोन-तीन सेंटिमीटर खाली असली तरी चालतं.

६ जून

२२ इंची फ्रेम भिंतीवरून काढून मोजली. बीबीच्या मध्यापासून सीटच्या नळीच्या तोंडापर्यंत ५६. त्यावर क्लॅम्प आणि स्प्रिंगवाली सीट मिळून ८.५. म्हणजे या सायकलची सीट ६४.५ च्या खाली जाऊच शकत नाही. आईला हवेत ५८.७.

लेडीज फ्रेमच्या आकड्याचा खरा अर्थ मला इथे उमगला. सीटच्या नळीची लांबी सांगते ती फक्त सीट किती खाली जाईल ते. वर किती जाईल ते सीट पिलर (सीटखालचा, नळीत सरकणारा खांब) ठरवतो, आणि पिलर लांब घेता येतो. फ्रेम मोठी निघाली तर मात्र काही करता येत नाही. म्हणून हवी असलेली सीटची उंची, त्यातून स्प्रिंगवाल्या सीटसाठी नऊ-दहा वजा, आणि उरेल त्याहून लांब नळी घ्यायची नाही. आईसाठी ती हद्द ४९. १८ इंची फ्रेमची नळी साधारण ४६ भरते, ती बसते. २० इंची ५१ होते, सुटली.

१५ जून

पेठेतल्या दुकानात गेले. काका म्हणाले, "ताई, २६ ची घ्या, बायकांना २६ चीच चालते." हे २६ म्हणजे चाक, फ्रेम नव्हे. आपल्याकडे दांड्याच्या जुन्या सायकलीला २२ किंवा २४ म्हणतात तेव्हा तो फ्रेमचा आकडा असतो, आणि लेडीज किंवा मुलांच्या सायकलीला २४, २६ म्हणतात तेव्हा चाकाचा. तोच २४ एकीकडे उंच माणसाची सायकल आणि दुसरीकडे सातवीतल्या मुलीची. टेप खिशात ठेवा आणि नळी स्वतः मोजा. (चाकाच्या २६ मध्येही घोळ आहेच. २६ × १ ३/८ आणि २६ × १.७५ यांच्या रिमचा व्यास वेगळा, ५९० आणि ५५९ मिलिमीटर. एकाचा टायर दुसऱ्यावर चढत नाही.) शिवाय काही कंपन्या लेडीज फ्रेमवर खऱ्या नळीचं माप न लिहिता, तिथे आडवा दांडा असता तर किती झालं असतं ते लिहितात.

सगळे घरचे म्हणत होते की आई ठेंगणी, तर शेजारच्या मुलीसारखी २४ च्या चाकाची घे. म्हणून तीच सायकल मागून आणली आणि आईला अंगणात बसवलं. पाय खाली छान टेकतात. पण वळताना हँडलची मूठ गुडघ्याला लागते. आणि थांबताना सीटवरून पुढे उतरली की पोट थेट हँडलच्या दांडीला. ती दोनदा दचकली.

१६ जून

रात्री झोपच आली नाही, कारण कालच्या त्या दचकण्यात मुख्य मुद्दा होता. योग्य उंचीच्या सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला टेकतच नाहीत. हिशेब करून पाहा : बीबी जमिनीपासून २७.५ वर. ५८.७ ची सीट मागे कललेल्या नळीवर आहे, म्हणून सरळ उंची साधारण ५४.८ धरायची. बेरीज ८२.३. आईचा पाय चपलेसकट ७१. अकरा सेंटिमीटर कुठून आणणार? म्हणून थांबताना सीट सोडून पुढे उतरायचं असतं. दांड्याच्या सायकलवर दांडा आडवा येतो, लेडीज सायकलवर समोर मोकळी जागा असते. तीच उतरण्याची जागा. ती जागा माणसाला पुरते का, हे फ्रेम निवडताना पाहायलाच हवं, आणि नेमकं तेच कोणी पाहत नाही.

मापायला जुना हिशेब कामी आला. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात. कोपर सीटच्या नाकाला लावायचं आणि बोटाचं टोक हँडलच्या खुंटाजवळ (हेडच्या नळीतून वर येऊन हँडल धरतो तो) यायला हवं. आईचा हात ४१ भरला. शेजारच्या सायकलवर हे अंतर ३५. २२ इंचीवर ४४, पण तिथे मुठी बऱ्याच मागे वळलेल्या असल्याने खांदे ताणले जात नव्हते. म्हणजे फक्त लांबीचाच प्रश्न असता तर ती फ्रेम चालली असती.

फ्रेमची आडवी लांबी मापायला गवंड्याची पाणसळ आणि ओळंबा वापरला. हेडच्या नळीच्या वरच्या टोकापासून सुतळी पाणसळ धरून सीट पिलरच्या मध्यरेषेपर्यंत नेली. तिरप्या नळीवर टेप लावून आलेल्या आकड्याला काही अर्थ नाही. वेगवेगळ्या उताराच्या दोन फ्रेमची तुलना त्याने होतच नाही.

२९ जून

१८ इंची फ्रेम मिळाली. वापरलेली, २६ × १ ३/८ ची चाकं, मागच्या चाकाला साडीची जाळी शाबूत. नळी ४६, सुतळीने आडवी लांबी ५४, सीटच्या नाकापासून खुंटापर्यंत ४०.५. घेण्याआधी फ्रेम उलटी करून बीबीजवळचे आणि हेडजवळचे जोड बोटांनी चाचपले. लेडीज फ्रेमला वरचा त्रिकोण नसतो, त्यामुळे पिळ पडतो तो सीटच्या नळीवर आणि या जोडांवर. रंगात केसाएवढी रेघ दिसली तरी सोडून द्या.

पाय ओलांडायची उंची जिन्यावर तपासली. आमच्या जिन्याची पायरी १७ ची. आई दोन पायऱ्या एकदम, म्हणजे ३४ पर्यंत, कठड्याला हात लावून बिनदुखत पाय उचलते. फ्रेमची सर्वांत खालची जागा ४३ वर. सायकल स्वतःकडे कलती घेतली की ती ३३-३४ वर येते. जमलं. आधी उजवा पाय पलीकडे न्यायचा, डाव्या गुडघ्यावर वळायचं नाही, एवढं तिला सांगितलं.

१३ जुलै

पाऊस. काम नाही. क्रँक आसाला घट्ट धरणाऱ्या कॉटर पिन ठोकून काढताना एक वाकली, दुसरी आणली.

२७ जुलै

क्रँक बदलले. साडेसहा इंचीच्या जागी सहा इंची, १५२ मिलिमीटर. दुखऱ्या गुडघ्याला हा फरक प्रत्यक्ष दिसतो. पायडल वर येतं तेव्हा सीट आणि पायडल यांत किती जागा उरते त्यावर गुडघा किती मुडपतो ते ठरतं. जुन्या क्रँकवर सीट ५७ ला असताना ४०.५ उरत होते. आता सीट तेवढीच ठेवून ४१.८. सीट ५८ ला नेली तर ४२.८. हिशेबाने आखूड क्रँकवर सीट ६० पर्यंत वर जायला हवी, पण मग जमीन आणखी लांब जाते. मी ५७ ला बांधली. घरातल्या कोनमापकाने पाहिलं तर पाय खाली असताना गुडघा पस्तीस अंशांहून थोडा जास्त वाकतो. पंचवीस ते पस्तीस बरा म्हणतात. सुरुवातीला हेच राहू दे.

३ ऑगस्ट

पहिली फेरी. सकाळी साडेसहा, सोसायटीतला मागचा रस्ता, ओला पण रिकामा. मी हात धरायला धावत होते, त्याची गरज पडली नाही. पन्नास पावलांवर तिने घंटी वाजवली, समोर कोणी नसताना. थांबताना पहिल्यांदा सीटवरूनच पाय खाली शोधला आणि सायकल डावीकडे कलली. मी म्हटलं, "आई, सीट सोड, पुढे उभी राहा." दुसऱ्यांदा पुढे उतरली. हँडल आणि तिच्यामध्ये चार बोटं जागा राहिली. मग ती स्वतःहूनच चार वेळा थांबली आणि निघाली, आणि प्रत्येक वेळी त्या चार बोटांकडे बघत होती.

मूठ गुडघ्याला लागत नाही. पूर्ण वळवूनही वीतभर अंतर राहतं.

२४ ऑगस्ट

तीन आठवड्यांत सीट ५७ वरून ५८ ला आणली, दर आठवड्याला तीन-चार मिलिमीटर. पिलरवर पांढऱ्या रंगाने खूण केलीय, आणि किमान साडेसहा सेंटिमीटर पिलर नळीत राहतो ना तेही पाहिलं. पुढच्या बास्केटमध्ये दोन किलो बटाटे ठेवले तेव्हा कमी वेगात हँडल लुटुलुटु करू लागलं. ओझं मागच्या कॅरियरच्या पिशव्यांत, खाली ठेवल्यावर थांबलं. आई आता मंडईपर्यंत जात नाही, जवळच्या भाजीवाल्यापर्यंत जाते आणि येताना एक चौक जास्तीचा फिरून येते.

२२ इंची फ्रेमचा हिशेब उलटा करून पाहिला. ६४.५ अधिक क्रँकचे १६.५, म्हणजे ८१, भागिले १.०९. उत्तर ७४.३. आतलं माप पंचाहत्तरच्या पुढे असलेल्या कुणालाही ती बसेल. वहिनीची उंची १७० आहे. रविवारी ती येतेय, पुस्तक आणि पेन्सिल काढून ठेवलीय.