मॅडम, दोन मिनिटं बोलायचं होतं

आधी दारातून अर्धं डोकं आत येतं, मग आवाज. "मॅडम, दोन मिनिटं बोलायचं होतं." सातारा जिल्ह्यातल्या तालुक्याच्या कॉलेजात 31 वर्षं अकाउंट्स शिकवतेय. डेबिट-क्रेडिट जुळवण्यात हयात गेली, पण या दोन मिनिटांचा ताळेबंद एकदाही जुळला नाही.

त्यातल्या 'होतं'ची मला फार गंमत वाटते. 'बोलायचंय' असं सहसा कुणी म्हणत नाही. 'होतं' म्हटलं की सोय असते. मॅडम कामात असल्या, कपाळाला आठी दिसली, तर ते बोलणं आधीच होऊन गेलेलं. मागितलं नाही आणि नाकारलंही नाही. आपली मराठी अशा वेळी अडचणीतल्या माणसाला हळूच मागचं दार उघडून देते.

दोन मिनिटांतली पहिली दीड मिनिटं कागदांची. बोनाफाईड, ईबीसीची फीसवलत, एटीकेटीचा फॉर्म, तहसीलमधून न आलेला उत्पन्नाचा दाखला. आणि महाडीबीटीचा ओटीपी! शिष्यवृत्तीचा अर्ज मुलीचा, ओटीपी जाणार आधारला जोडलेल्या नंबरावर, तो नंबर वडिलांचा, आणि वडील उसाला पाणी धरायला गेलेले. मग मी स्टाफरूममधून फोन लावते. पलीकडून मोटरीचा आवाज आणि, "बाई, त्ये आकडं कुठं आल्यात?" मेसेज उघडून आकडे वाचून होईपर्यंत ओटीपीची मुदत संपते. पुन्हा पहिल्यापासून. अकाउंट्सचा एक तास घेणं याच्यापुढे विश्रांतीच.

पण खरं काम उरलेल्या अर्ध्या मिनिटात असतं. कागदावर सही झालेली, सॅक खांद्याला लावलेली, पाऊल दाराकडे वळलेलं. तिथून मुलगी मागे वळते आणि सॅकच्या पट्ट्याशी चाळा करत विचारते, "मॅडम, लग्न झालं तरी बाहेरून परीक्षा देता येते ना?"

आली होती बोनाफाईडला.

अशा वेळी घड्याळाकडे बघायचं नाही, एवढी एकच विद्या मी या नोकरीत कमावली. दुसरी म्हणाल तर टेबलासमोरच्या खुर्चीवर वह्यांची चळत ठेवायची नाही. चळत दिसली की मूल उभं राहतं, आणि उभ्यानं कागदाचंच बोलणं होतं.

पूर्वी आमच्याकडे याला 'शिक्षक-पालक योजना' म्हणत. कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकची समिती यायची ठरली आणि तिचं 'मेंटॉर-मेंटी' झालं. पहिल्या दिवशी माझ्या वाट्याची वीसेक पोरं दाराशी जमली तेव्हा आमचे शिपाईमामा आत येऊन गंभीरपणे म्हणाले, "मॅडम, तुमच्या मेंढ्या आल्यात." तेव्हापासून स्टाफरूममध्ये तोच शब्द रूढ आहे. या योजनेचं एक रजिस्टर असतं. त्यात 'समस्या', 'केलेले मार्गदर्शन' आणि 'स्वाक्षरी' असे रकाने. पोरं 'समस्या'खाली ओळीनं 'नाही' लिहितात. एकानं लिहिलं, दुसऱ्यानं बघून उतरवलं. नॅकच्या आदल्या रात्री आम्ही समस्या तयार करायला बसलो होतो. तीन रंगांची पेनं घेऊन, म्हणजे वर्षभर लिहिल्यासारखं दिसावं. 'इंग्रजीची भीती' ही समस्या इतक्यांच्या नावावर पडली की इंग्रजीच्या मॅडम रागावल्या.

भाऊराव पाटलांनी 1924 साली साताऱ्यात बोर्डिंग काढलं. तिथल्या पोरांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. आमच्या जिल्ह्यात ही गोष्ट न सांगता कुठलं गॅदरिंग पार पडत नाही. ऐकताना हल्ली मला वाटतं, हे रजिस्टरमध्ये कुठल्या रकान्यात लिहिलं असतं? 'केलेले मार्गदर्शन'मध्ये तर बसत नाही.

कॉलेजात 'कमवा आणि शिका'तली पोरं सकाळ-संध्याकाळ बागेत काम करतात. त्यातला एसवायचा एक मुलगा असाच एकदा दारात आला. हाताला ओली माती, म्हणून आत येईना. "मॅडम, दोन मिनिटं बोलायचं होतं." पेपर तपासून द्यायचा शेवटचा दिवस होता, आणि साडेपाचची एसटी चुकली की पुढची सातला. मी मान वर न करता म्हटलं, "उद्या ये रे."

उद्या तो आला नाही. परवा मीच त्याला गुलाबाच्या वाफ्यापाशी गाठलं आणि विचारलं, काय बोलायचं होतं? त्यानं खुरपं खाली ठेवलं, उभा राहिला आणि अगदी आदबीनं म्हणाला, "काही नाही मॅडम. झालं ते."

पुढे तो पास झाला, टीवायलाही चांगले मार्क पडले, जाताना पेढे देऊन गेला. वाईट काही घडलं नाही. पण काय झालं ते मला आजतागायत कळलेलं नाही, आणि पेढा खाताना विचारायचं धाडसही झालं नाही.

येत्या वर्षी साठ पूर्ण होतायत. माझी मेंढरं आता आमच्या सीएचबीवरच्या सरांकडे जाणार. तरुण आहेत, नेटची परीक्षा पास झालेले. सीएचबी म्हणजे तासावर पगार, तोही कधी येईल तेव्हा. रजिस्टर समजून घ्यायला परवा माझ्याकडे आले. रकाने दाखवले, तीन पेनांची युक्ती सांगितली, मेंढ्यांचा किस्सा सांगितला. हसले. रजिस्टर काखेत मारून दारापर्यंत गेले आणि तिथंच थांबले.

"मॅडम, अजून एक विचारायचं होतं. घरचे लग्नाचं बघतायत. मुलीकडचे विचारतात, पर्मनंट कधी होणार? काय सांगायचं असतं?"

समोरच्या खुर्चीवर नेमकी त्या दिवशी वह्यांची चळत होती. ती मी उचलून खाली ठेवली.