वीस सेंटिमीटर

आज पणजीत जुन्या सचिवालयाजवळ संमोहनाचा अभ्यास करणाऱ्या गोव्याच्या पाद्री आबे फारियाच्या पुतळ्यापाशी भाचीची वाट बघत होते. बारावीला तिने मानसशास्त्र घेतलंय. आली, दप्तरातून पट्टी काढली, म्हणाली, "मावशी, मी सोडते, तू पकड." पट्टी २० सेंटिमीटर घसरल्यावर माझी बोटं मिटली. पट्टी एवढी पडायला लागणारा वेळ म्हणजे साधारण ०.२ सेकंद!

मन क्षणात धावतं, असंच मी धरून चालले होते. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झचे गुरू म्युलर यांनाही मज्जातंतूतल्या संदेशाचा वेग मोजता येईल असं वाटत नव्हतं. १८५० मध्ये हेल्महोल्ट्झने तो बेडकाच्या मज्जातंतूवर मोजला: सेकंदाला ३० मीटरच्या आसपास. पुढे त्यांच्याच हाताखाली काम केलेल्या वुंटने १८७९ मध्ये लाइपझिगला मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढली. देह आणि आत्म्यावरून तत्त्वज्ञ शतकानुशतकं वाद घालत आले, आणि आता मनाच्या प्रश्नापुढे चक्क घड्याळ येऊन बसलं! मला हे विलक्षण वाटतं.

आणि आमचा कांदोळीचा फारिया? १८१३ मध्ये पॅरिसात तो सांगत होता, की संमोहनात, तेव्हा लोक मानत तसं, चुंबकीय द्रव वगैरे काही नसतं, ती झोप माणसाच्या स्वतःच्याच मनातून येते. भाचीला हे कुणी शिकवलंच नव्हतं. फार वाईट वाटलं. मग तिथेच बसून तिला सगळं सांगितलं, अंधार पडेपर्यंत.