शरियत की मारफत? गाऊन भांडा!

आजची सुट्टी सत्कारणी लागली. बांगलादेशी दिग्दर्शक तारेक मसूद यांचा ‘माटिर मोयना’ (२००२) हा चित्रपट पाहिला. १९७१च्या आधीचं पूर्व पाकिस्तान, कर्मठ होमिओपॅथ बाप, मदरशात धाडलेला अनू. कथा साधीच. पण ती गाण्याची बारी! एक बाई, एक बुवा, शरियत (धर्माचे नियम) की मारफत (सुफींचं आतलं ज्ञान) यावर सवाल-जवाब, आणि भोवती दाटीवाटीने बसलेलं गाव. थेट आपला कलगी-तुरा हो! (ढोलकी मात्र आपलीच भारी.)

कान चित्रपट महोत्सवात समीक्षकांचं पारितोषिक मिळालं, मायदेशी सेन्सॉरने आधी बंदीच घातली. मसूद स्वतः मदरशात शिकलेले. म्हणून असेल, त्यातला एक मास्तर फार मायाळू निघालाय. बापाला मात्र मी अजून माफ केलेलं नाही. कुणी पाहिलाय? या भांडायला.