बी.कॉम. ते टीपीए डेस्क : मिरजेतल्या हॉस्पिटलच्या काउंटरवरचा माझा अनुभव

परवा मामेबहिणीचा फोन आला, ताई हॉस्पिटलच्या ऑफिसात लागायला काय करावं लागतं, कुठला कोर्स करू? फोनवर तासभर बोलले तरी संपेना, म्हणून म्हटलं एकदाचं लिहूनच टाकते.

माझं बी.कॉम. 2019 ला झालं. बँकेच्या परीक्षा दोनदा दिल्या, दोन्ही वेळा थोडक्यात राहिलं, मग कोविडमध्ये वर्ष गेलं. 2021 ला मिरजेतल्या एका हॉस्पिटलला रिसेप्शनवर मुलगी पाहिजे असं कळलं. तासगावहून एसटीने गेले, फाईलमध्ये मार्कशीटा, एमएस-सीआयटीचं सर्टिफिकेट सगळं नीट लावून. मॅडमनी फाईल उघडलीच नाही. तीनच प्रश्न. टायपिंग येतं का, नाइट करणार का आणि कन्नड येतं का. तिसऱ्याला मी गप्प. आता मिरज म्हटल्यावर अथणी, चिकोडी, विजापूर सगळीकडून पेशंट येणार हे मला कळायला पाहिजे होतं, पण डोक्यातच आलं नव्हतं. म्हटलं शिकेन. पगार 9 हजार, बोला. बोलायचं काय त्यात, हो म्हटलं.

पहिले सहा महिने नुसतं रजिस्ट्रेशन. नाव, वय, गाव, मोबाईल, केसपेपर, पावती. ऐकायला पोरखेळ वाटतो पण आज्जी वय सांगतात 'लिही की साठ-सत्तर', मोबाईल नंबर पुण्यातल्या नातवाचा, आधारवर जन्मतारीख 1 जानेवारी (आमच्याकडच्या निम्म्या म्हाताऱ्या माणसांचा वाढदिवस 1 जानेवारीलाच असतो). आणि नाव आधारवर एक, रेशनकार्डावर दुसरं, घरात हाक मारायचं तिसरं. तेव्हा मी काय करायचे, लाइन मोठी आहे म्हणून पटकन नाव सर्च करायचं, दिसलं की क्लिक.

तसंच एकदा झालं. एकाच सकाळी दोन आज्जी, आडनाव पाटील, नाव पण एकच. सांगली जिल्ह्यात पाटील किती हे काय सांगायला पाहिजे का. मी दुसरीला पहिलीच्याच नंबरवर घातलं, गाव बघितलंच नाही. तासाभराने डॉक्टर सरांनी एक्स-रे लाइटवर धरला तर गुडघ्यात प्लेट आणि स्क्रू, आणि समोर बसलेल्या आज्जीचं आयुष्यात कधी ऑपरेशनच झालेलं नाही. मला केबिनमध्ये बोलावलं. ओरडले नाहीत, ओरडले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, हीच चूक रक्ताच्या पिशवीला झाली असती तर? त्या दिवशी डबा तसाच परत नेला. तेव्हापासून कितीही लाइन असू दे, नाव, गाव, नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव, मोबाईलचे शेवटचे चार आकडे, हे पेशंटच्या तोंडून वदवून घेतल्याशिवाय मी एंटर दाबत नाही.

दीड वर्षाने टीपीए डेस्कला टाकलं. टीपीए म्हणजे इन्शुरन्स कंपनी आणि हॉस्पिटलच्या मधला माणूस, आणि आमचा डेस्क म्हणजे त्या मधल्या माणसाशी दिवसभर भांडणारा. प्री-ऑथ फॉर्म, म्हणजे खर्चाला कंपनीची आधी मंजुरी मागायचा फॉर्म, भरायचा, पॉलिसी, आधार, डॉक्टरांचे पेपर जोडून पाठवायचं, मग क्वेरी येते, उत्तर द्यायचं, परत क्वेरी. इथे मला शिकवलं आमच्या सीनियर ताईंनी. त्यांचं म्हणणं, फॉर्म आधी वाचायचा नाही, हिस्टरीची, म्हणजे पेशंटला आधीपासून काय आजार आणि किती दिवस याची, ओळ आधी वाचायची. एका काकांच्या पेपरवर ड्युटी डॉक्टरनी शुगर 5 वर्षं असं लिहिलेलं, पॉलिसी होती 2 वर्षांची. झालं, कंपनीने जुना आजार लपवला म्हणून कॅशलेस, म्हणजे बिल कंपनीने परस्पर हॉस्पिटलला भरायचं, ते अडवलं. काका म्हणतात अहो मी 5 महिने सांगितलं होतं. त्यांचा मुलगा हळूच मला म्हणतो, मॅडम तेवढं वर्षं खोडून महिने करा ना. अजिबात नाही करायचं. पेपरला आपण पेन लावायचं नाही, व्हाइटनर तर बघायचं पण नाही. पहिल्यांदा शुगर निघाली तेव्हाची चिठ्ठी आणि लॅबचा रिपोर्ट घरून मागवला, तारीख खरंच 5 महिन्यांपूर्वीची होती, मग डॉक्टरांकडून सही-शिक्क्याचं पत्र घेतलं आणि पाठवलं. दुसऱ्या दिवशी मंजूर.

रूमचं समजावणं हे अजून एक दुखणं. पॉलिसी 3 लाखाची, रूमभाडं रोज 1 टक्का म्हणजे 3 हजारांपर्यंत, आणि नातेवाईक घेतात साडेचार हजाराची रूम, वरचे दीड हजार आम्ही भरू की म्हणतात. तसं नसतं हो. अशा पॉलिसीत डॉक्टरची फी, ऑपरेशन थिएटर वगैरे त्याच हिशोबात कापलं जातं, म्हणजे 60 हजाराला 40 हजारच मिळतात, औषधं आणि इम्प्लांट तेवढी त्यातून सुटतात. हे ॲडमिट करतानाच सांगायचं, नाहीतर बिलाच्या वेळी तुम्हीच चोर.

आणि डिस्चार्ज! डॉक्टर सकाळी 10 ला राउंडला सांगतात घरी जा, 11 ला पिशव्या भरून सगळी काउंटरसमोर. मे 2024 ला आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, नियम काढला, कॅशलेसची विनंती आली की 1 तासात उत्तर आणि डिस्चार्जच्या वेळी 3 तासात फायनल मंजुरी. लोक मोबाईलवर ते काढून दाखवतात आम्हाला. पण ते 3 तास सुरू होतात आमच्याकडून कागद गेल्यावर, आणि कागद अडकलेला असतो आमच्यातच, कधी उरलेली औषधं मेडिकलला परत गेलेली नसतात, कधी डिस्चार्ज समरीवर सही करणारे सर ऑपरेशन थिएटरमध्ये. म्हणून मी आता आदल्या संध्याकाळीच वॉर्डात जाऊन सिस्टरना विचारते उद्या कोण जाणार, समरी टाइप करून ठेवते, औषधं परत करायला लावते. वॉर्डबॉय मामा हसतात, मॅडम आली म्हणजे उद्या खाट रिकामी.

कोर्सचं म्हणशील तर माझ्या मैत्रिणीने 40 हजार भरून एका क्लासमधनं डिप्लोमा केला, 100 टक्के प्लेसमेंट म्हणून, आणि लागली माझ्याच शेजारच्या खुर्चीवर, माझ्याच पगारावर. पुढे मॅनेजर व्हायचं असेल तर टिसचं (टाटा इन्स्टिट्यूट) एमएचए, म्हणजे हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशनची मास्टर्स डिग्री, वगैरे आहे, पण ती वेगळी गोष्ट. सुरुवातीला ग्रॅज्युएशन, एक्सेल आणि शांत डोकं पुरतं. मी सध्या संध्याकाळी आयसीडी-10 चे, म्हणजे आजारांना दिलेले कोड शिकतेय, पगार 19 वर आलाय, कन्नड अजून मोडकंच आहे पण काउंटरपुरतं चालतं.

आमच्याकडे एक जागा निघालीय, बहिणीला सोमवारी बोलावलंय. फाईल राहू दे म्हटलं, एसटीत बसून 'हेसरु एनु' (नाव काय) आणि 'ऊरु यावुदु' (गाव कुठलं) तेवढं पाठ करून ये.