प्रॉम्प्ट गेला कुठे?

सी भाषेत स्वतःचा छोटा शेल, म्हणजे टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्राम, लिहायला घेतला होता. कमांड वाचायची, शब्द सुटे करायचे, फोर्कने शेलची प्रत (चाइल्ड) काढायची, मग एक्झेकने त्या प्रतीच्या जागी कमांड चालवायची. एवढं जमल्यावर वाटलं, रीडायरेक्शन (कमांडचं इनपुट-आउटपुट फाइलीकडे वळवणं) म्हणजे तासाभराचं काम. तीन संध्याकाळी गेल्या.

कल्पना खरंच सोपी आहे. प्रत्येक प्रोसेसकडे, म्हणजे चालू प्रोग्रामकडे, उघड्या फाइलींचा तक्ता असतो: ० म्हणजे इनपुट, १ आउटपुट, २ चुकांचे संदेश. आपली फाइल ओपनने उघडायची आणि डप२ने १ च्या जागी बसवायची. फाइलींची नावं दाखवणाऱ्या एलएसला यातलं काही कळत नाही, तो नेहमीसारखा १ वर लिहीत राहतो.

मी हे फोर्कच्या आधीच उरकलं. 'एलएस > यादी' (एलएसचं आउटपुट 'यादी' फाइलीत) लिहून एंटर मारला, तर प्रॉम्प्ट, म्हणजे पुढची कमांड मागणारी खूण, परत येईचना. शेल अडकला असं समजून तीनदा एंटर दाबलं, शेवटी अंदाजाने एक्झिट लिहिलं आणि बाहेर पडलो. यादी उघडून पाहिली: फाइलींची नावं आणि खाली माझे चार प्रॉम्प्ट, एकाच ओळीत एकमेकांना चिकटलेले. शेल मजेत चालू होता, फक्त फाइलीशी बोलत होता! पालक प्रोसेसचाच, म्हणजे खुद्द शेलचाच १ मी फिरवला होता. डप२ फोर्कनंतर चाइल्डमध्ये नेला आणि प्रॉम्प्ट जागेवर आला.

पुढची चूक जास्त लबाड निघाली. तीच कमांड दुसऱ्यांदा चालवली की 'परवानगी नाही'. पहिल्यांदा मात्र बिनबोभाट चालायची. नवी फाइल बनवताना ओपनला तिसरा आकडाही द्यावा लागतो, परवानग्यांचा. तो मी दिलाच नव्हता, म्हणून त्या जागी आधीचा जो कचरा होता त्याच्याच परवानग्या झाल्या. ०६४४ लिहिलं, संपलं. माझ्या कंपायलरने यावर चकार शब्द काढला नाही, याचा राग अजून आहे.

त्या नकाराने आणखी एक गंमत दाखवली. ओपन फसल्यावर चाइल्डला तिथेच थांबवायला मी विसरलो होतो. तो तसाच पुढे येऊन दुसरा शेल होऊन बसला. एक्झिट दोनदा लिहावं लागायला लागलं तेव्हा ध्यानात आलं.

'सॉर्ट < नावे > नावे' (नावे फाइल क्रमाने लावून परत तिच्यातच) केल्यावर फाइल रिकामी झाली, तीही मी स्वतःचीच चूक धरून चाललो होतो. बॅश या नेहमीच्या शेलमध्ये करून पाहिलं, तिथेही रिकामीच. सॉर्ट सुरू व्हायच्या आधीच शेल ती लिहिण्यासाठी उघडतो आणि उघडतानाच पुसतो. इथे तरी मी निर्दोष.

सीडी (फोल्डर बदलणं), पीडब्ल्यूडी (चालू फोल्डर दाखवणं) यांसारख्या शेलच्या आतल्या कमांडना चाइल्ड नसतो. त्यांच्यासाठी जुन्या १ ची प्रत डपने बाजूला ठेवून काम झाल्यावर परत बसवतो. परत बसवण्याआधी बफर (लिहिण्यासाठी साठवलेला मजकूर) रिकामा करायचा, नाहीतर मजकूर छापणाऱ्या इकोने शेवटी ओळ मोडली नसेल तर तिचा मजकूर फाइलीऐवजी पडद्यावर उमटतो.

'एलएस>यादी' असं चिकटून लिहिलं तर मात्र माझा शेल अजून याच नावाची कमांड शोधत बसतो.